गाळलेली जागा

गव्हाचं वावर या टोकापासून त्या टोकापर्यंत वाळून खडखड वाजत होतं आणि कापायला माणूस मिळत नव्हतं. सगळ्यांचीच कापणी एकदम आलेली. त्यात दुपार कलली की आभाळ भरून यायचं, वारा गरम असूनही अंगाला ओलसर लागायचा. सासू बांधावरून वर बघायची आणि पुन्हा खाली बघायची. भिजलं तर दाणा काळा पडणार, हे कुणी कुणाला सांगायची गरज नव्हती.

म्हणून दोघी जावा फटफटायला विळे घेऊन वावरात उतरायच्या. थोरली उजव्या अंगाला, धाकटी डाव्या अंगाला. थोरलीचा नवरा मागून पेंढ्या बांधत यायचा. ट्रॅक्टरवरून पडून त्याचा खांदा एकदा निखळला होता, त्यानंतर विळा ओढणं त्याला जमत नसे. धाकटीचा नवरा मालट्रकवर होता, महिन्यातून एखादा दिवस घरी दिसला तर दिसला. सासू थोरलीच्या लहान मुलीला मांडीवर घेऊन बांधावर बसे आणि कोणाची रांग मागे पडते त्यावर नजर ठेवून असे.

हात चालायचे तशी दोघींची तोंडंही चालायची.

"एका नळानं टाकी सहा तासांत भरते, दुसऱ्यानं तीन तासांत. दोन्ही सोडले तर किती?" धाकटी विचारायची.

थोरली मूठ धरून विळा ओढत मनात आकडे मांडायची. तीन-चार मुठी कापून झाल्या की म्हणायची, "साडेचार."

धाकटी हसायची नाही. तेवढं तिचं चांगलं होतं. ती म्हणायची, ताई, एकटा मोठा नळ तीन तासांत भरतो, मग त्याला दुसऱ्यानं हात दिल्यावर वेळ वाढेल कसा? तीनच्या आतच यायला पाहिजे ना? मग एका तासात कोण किती भरतो ते काढायला लावायची. थोरली काढायची, आणि दोन तास हे उत्तर हाती येईपर्यंत तिची रांग हातभर मागे पडलेली असायची.

सरकारी धान्य गोदामात कारकुनांची भरती निघाली होती. निम्मा पेपर इंग्रजीचा, निम्मा गणिताचा. बरोबर उत्तराला गुण, आणि चुकलेल्याला उलट कापायचे. दोघींनी अर्ज भरले होते. क्लास लावायची ऐपतही नव्हती आणि सवडही. मागल्या वर्षांच्या पेपरांच्या झेरॉक्स तेवढ्या आणल्या होत्या, त्यावर नुसते प्रश्न, उत्तरं नाहीत. थोरलीचं इंग्रजी शाळेत असल्यापासून पक्कं. धाकटीचं डोकं आकड्यांत चालायचं. तेव्हा तू मला हे शिकव, मी तुला ते शिकवते, असं आपोआपच ठरून गेलं होतं.

थोरलीची ही शेवटची खेप होती. पुढच्या वर्षी वयाची अट तिला बाहेर काढणार होती. आधी एकदा ती बसली होती आणि गणितात आपटली होती. त्या निकालाच्या दिवशी सासूनं काही म्हटलं नव्हतं. तिला गोठ्यात शेण काढायला पाठवलं होतं, इतकंच.

या वेळी मात्र सासूनं आधीच सांगून ठेवलं होतं. अर्ज भरले त्या संध्याकाळी चुलीपुढे बसून, लाकडं मागे ओढत ती म्हणाली होती, "नोकरी लागली की तिकडे जाऊन राहावं लागणार. दोघी गेल्या तर वावर कोण बघणार, मी? जिचे गुण जास्त ती जाईल. दुसरी इथे राहील. आत्ताच सांगते, मागून तोंड वाकडं करायचं नाही."

 धाकटीनं मान हलवली. थोरलीनंही हलवली. पण त्या दिवसापासून शेजारी विळा ओढणारी बाई आपली जाऊ आहे की आपल्यापुढे धावणारी कोणी, हे तिला धड कळेनासं झालं. पहाटे धाकटी तिच्या आधी उठून झेरॉक्स घेऊन बसलेली दिसली की ती किती पानं पुढे गेली ते थोरली वाकून बघायची. स्वतःचाच तिला राग यायचा, आणि तोही पुन्हा फिरून धाकटीवरच जायचा.

घडलं ते एका सकाळी, चहाच्या वेळी.

थोरलीच्या नखाखाली ओंबीचं काट्यासारखं कूस शिरलं होतं. ती दातांनी ते उपसत होती. सासू नुकतीच म्हणून गेली होती की धाकटीची रांग बघा कशी सरळ जाते, काहींची नागमोडी. धाकटी झेरॉक्स घेऊन जवळ सरकली. तिनं विचारलं, ताई, हे सिन्स आणि फॉर, माझा नेहमी घोळ होतो, कुठे काय घालायचं?

कूस दातांत धरूनच थोरली म्हणाली, "आपण 'पासून' म्हणतो ना, तिथे सिन्स. नाहीतर फॉर."

धाकटीला ते एकदम आवडलं. एवढं सोपं कुणी सांगितलंच नव्हतं, असं ती म्हणाली. बोटं मोजत घोकू लागली. सोमवारपासून, सिन्स मंडे. सकाळपासून, सिन्स मॉर्निंग. मग कप खाली ठेवत, स्वतःवरच खूश होऊन म्हणाली, "आणि दोन वर्षांपासून, सिन्स टू इयर्स."

थोरलीनं ते ऐकलं. तिथेच तिला थांबवायला हवं होतं. सोमवार, सकाळ ही सुरुवातीची खूण, म्हणून सिन्स. दोन वर्षं ही लांबी, तिथे फॉर, मग आपण बोलताना 'पासून' म्हणत असलो तरी. शाळेत बाईंनी हे तिच्याकडून इतकं घोकून घेतलं होतं की झोपेतून उठवलं तरी तिनं सांगितलं असतं. अर्धा नियम तिच्या तोंडून गेला होता आणि अर्धा तोंडातच राहिला होता. तिनं कूस थुंकलं, बोलायला तोंड उघडलं, तेवढ्यात सासूनं कप गोळा करायला सुरुवात केली आणि सगळी उठली. रांग संपली की सांगू, असं तिनं मनाशी म्हटलं.

रांग संपली. वळताना धाकटी तिच्याकडे बघून हसली आणि विचारती झाली, शेकडा नफ्याचं एक घेऊ या का? थोरली घे म्हणाली.

त्या दिवशी राहिलं ते राहिलंच. दुसऱ्या दिवशी धाकटीनं गाळलेल्या जागांचं अख्खं पान सोडवून आणलं आणि थोरलीपुढे धरलं. ही हॅज बीन इल, मग रेघ, मग थ्री डेज. रेघेवर धाकटीनं सुबक अक्षरात सिन्स लिहिलं होतं. थोरली पानावरून नजर फिरवत गेली. 'अ' आणि 'अॅन'ची एक चूक काढली, क्रियापदाची एक काढली. त्या रेघेपाशी आली आणि पुढे गेली.

"बाकी बरोबर?" धाकटीनं विचारलं.

"बरोबर," थोरली म्हणाली.

पहिल्या दिवशी जीभ घसरली असं म्हणता आलं असतं. आता तसं म्हणायची सोय राहिली नाही, हे तिचं तिलाच कळलं. पण एकदा बरोबर म्हटल्यावर दुसऱ्यांदा म्हणायला कमी त्रास होतो आणि तिसऱ्यांदा त्याहून कमी. ती स्वतःची समजूत घालायची की शंभर प्रश्नांत तसले येणार किती? दोन, फार तर चार. धाकटीला अजून वर्षं आहेत, पुढे कधीही बसेल. आपल्याला हे एकदाच आहे. आणि मग धाकटी रांगेच्या मध्येच हात थांबवून, कपाळावरचा घाम मनगटानं पुसून, तिला व्याजाचं गणित तिसऱ्यांदा समजावून सांगायला लागली की थोरलीला वाटायचं, हिनं एकदा तरी चिडावं. एकदा तरी म्हणावं की एवढंही येत नाही का. म्हणजे हिशेब मिटेल. धाकटी चिडत नसे.

पीक निम्मंशिम्मं कापून झालं तेव्हा मळणीचा प्रश्न उभा राहिला. मशीनवाल्याकडे सगळ्यांची रीघ होती. थोरला वार मागायला गेला आणि पडेल चेहऱ्यानं परत आला. नेमका परीक्षेचा दिवस मिळाला होता. त्यानं मागचा-पुढचा कुठलाही दिवस मागून पाहिला होता. त्यावर मशीनवाला दहा लोकांसमोर म्हणाला होता की घरात दोन-दोन कारकुनी असल्यावर गहू कशाला पेरता, आता पगारच मळा. लोक हसले होते. थोरला हे सगळं सांगत नव्हता, पण मुलीच्या हातातलं खेळणं उगाच काढून घेऊन पुन्हा देत होता. बाकीचं शेजारणीकडून कळलं.

सासू म्हणाली, मग परीक्षेला एकच जाईल.

 धाकटीनं मान खाली घातली. आता कोण ते सासू सांगणार आणि ती धाकटीच म्हणणार, याबद्दल थोरलीला शंका नव्हती. सरळ रांग, तरणं वय, चलाख डोकं. आणि मनाच्या तळाशी तिला किंचित सुटल्यासारखंही वाटलं. आपण गेलोच नाही, तर आपण केलं त्याला काही अर्थच उरणार नव्हता.

पण या वेळी थोरला बोलला. आईपुढे तो सहसा बोलत नसे. तो म्हणाला, "दोघी जातील. त्याचा दिवस मी सोडून दिलाय. सगळं कापून, गंजी रचून, ताडपत्रीनं झाकून ठेवू. तो येईल तेव्हा येईल."

"आणि पाऊस आला तर?"

"तर भिजेल. मला मात्र लोकांसमोर पुन्हा हसं करून घ्यायचं नाही, की हा बायकांना अडवून बसला म्हणून."

सासूनं बराच वेळ चूल सारखी केली. मग एवढंच म्हणाली की आदल्या दिवशी दिवस मावळायच्या आत गंजी झाकलेली दिसली पाहिजे, नाहीतर कोणी उंबरा ओलांडायचा नाही.

त्यानंतरचे दिवस जीव टांगणीला लावून गेले. अभ्यास नुसता बोलण्यापुरता उरला. वाकून वाकून थोरलीची कंबर संध्याकाळी सरळच होत नसे, भिंतीला हात लावून उभं राहावं लागे. मानेत, कोपराच्या आत, पापण्यांच्या कडांना बारीक भुसा चिकटून आग आग व्हायची. आदल्या दिवशी शेवटची पात कापून झाली तेव्हा दुपार सरत आली होती. मग पेंढ्या वाहायच्या आणि थोरला रचेल तशा त्याच्याकडे फेकायच्या. त्याचा खांदा दुखायला लागला की तो हात बदलायचा.

वारा सुटला. आभाळ एका बाजूनं शाईसारखं झालं. ताडपत्री पसरायला घेतली तर ती फुगून हातातून सुटू लागली. थोरली एका कोपऱ्यावर अंग टाकून बसली, सासू दुसऱ्या कोपऱ्यावर, मुलीला काखेत घेऊनच. धाकटी लांबच्या कडेला दगड आणायला गेली होती. ती दगड न घेताच धावत येताना दिसली, वाऱ्यानं तिच्या डोक्यावरचा रुमाल उडून मानेभोवती गुंडाळला गेला होता. सासू ओरडली, दगड कुठाय?

धाकटीनं तिकडे लक्षच दिलं नाही. ती थोरलीच्या कानाशी वाकून मोठ्यानं बोलली, "ताई, आगगाडीचं मी चुकीचं सांगितलं. गाडी पूल ओलांडते तेव्हा नुसता पूल नाही धरायचा. गाडीची लांबी पण मिळवायची. शेवटचा डबा बाहेर पडायला नको का? मला आत्ता दगड उचलताना सुचलं. विसरलं असतं म्हणून आले."

थोरली ताडपत्रीवर पालथी पडून तिच्याकडे बघत राहिली.

"कळलं ना? पूल अधिक गाडी."

"कळलं," थोरली म्हणाली.

धाकटी वळून दगडांकडे पळाली. थोरलीनं ताडपत्री इतकी घट्ट धरली होती की तिची बोटं पांढरी पडली. आत्ता हाक मारावी असं तिला वाटलं. पण वारा होता, सासू होती, दोरी बांधायची होती. दिवस मावळायच्या आत गंजी झाकली गेली. पाऊस चार थेंब टाकून दुसरीकडे निघून गेला.

सकाळी दोघी टेम्पोच्या मागे उभ्या राहून निघाल्या. धाकटी डोळे मिटून पुटपुटत होती. ती काय पुटपुटते आहे हे थोरलीला ओठांवरून कळत होतं. सिन्स मंडे, सिन्स मॉर्निंग, सिन्स टू इयर्स. शहरातल्या एका मोठ्या शाळेत केंद्र होतं. फाटकाबाहेर पोरापोरींची झुंबड, पालक, भेदरलेले चेहरे, कुणाची तरी आई मुलाचे केस बोटांनी सारखे करत होती. आत सोडायला सुरुवात झाली. दोघींच्या खोल्या वेगळ्या होत्या, रांगाही वेगळ्या. धाकटी म्हणाली, जाते ताई, आणि वाकून तिच्या पायांकडे हात नेऊ लागली. तिथे थोरलीचा धीर सुटला.

तिनं धाकटीचा दंड धरला. "थांब. सिन्सचं मी तुला अर्धंच सांगितलं होतं."

"म्हणजे?"

"दोन वर्षं, तीन दिवस असं माप आलं की फॉर. आपण पासून म्हणत असलो तरी फॉर. सिन्स फक्त सुरुवात सांगितली असेल तरच."

धाकटी गोंधळून म्हणाली की पण पानं तपासली तेव्हा तुम्ही बरोबर म्हणालात ना. मग तिचं बोलणं तुटलं. तिच्या चेहऱ्यावर ती गोष्ट हळूहळू उतरताना थोरलीनं पाहिली.

"कधीपासून माहीत होतं?"

"त्याच दिवसापासून."

मागून लोक ढकलत होते. शिपाई रांगा सरळ करायला सांगत होता. धाकटीनं दंड सोडवून घेतला. आवाज चढवला नाही, शिव्या दिल्या नाहीत. "आणि आत्ता सांगताय," एवढंच म्हणाली आणि आपल्या रांगेत गेली. थोरलीला तिची पाठ फाटकातून आत जाईपर्यंत दिसत राहिली. 

पेपर आला. पहिली काही मिनिटं थोरलीला अक्षरंच लागेनात. मग हाताला सवयीनं वेग आला. गाळलेल्या जागांत तसले चार प्रश्न होते. तिनं चारही सोडवले आणि प्रत्येक प्रश्नाला तिला आतून भाजल्यासारखं झालं. गणितात पूल ओलांडणारी आगगाडी आली. पूल अधिक गाडी. उत्तर पर्यायांत होतं. नुसता पूल धरून येणारं उत्तरही पर्यायांत होतं, अगदी पहिलंच.

परतीच्या टेम्पोत धाकटी तिच्यापासून लांब, कडेला दांडी धरून उभी राहिली. घरी पोचल्यावर सासूनं विचारलं, कसे गेले? दोघी बरे म्हणाल्या. धाकटीनं दुसरं काही सांगितलं नाही. त्या संध्याकाळी नाही आणि नंतरही नाही. प्रत्येक जेवणाला थोरली घास हातात धरून वाट बघायची, आता बोलेल, आता सगळ्यांसमोर काढेल. ती मीठ मागायची, पाणी मागायची. ताई म्हणायचं मात्र तिनं बंद केलं होतं. हाक मारायची वेळच येऊ देत नसे.

मशीनवाला आला तेव्हा दिवसभर दोघी मशीनपाशी समोरासमोर होत्या. एकीनं पेंढी उचलून द्यायची, दुसरीनं ती मशीनच्या तोंडात सारायची. तोंडाला फडकी बांधलेली, वर नुसते डोळे. मशीनच्या घरघरीत कुणी कुणाशी बोलत नसतंच, त्यामुळे बाहेरच्याला काही वेगळं दिसलं नसतं. दोन्ही डोळ्यांनी थोरलीकडे बघत धाकटी पेंढी द्यायची. ना हळू, ना जोरात. पोतं भरलं की दोघींनी मिळून तोंड शिवायचं. बोटाला बोट लागलं की धाकटी आपलं बोट काढून घ्यायची. धान्य चांगलं निघालं. तळच्या थोड्या पेंढ्या ओलीनं काळवंडल्या होत्या, तेवढंच. सासू पोत्यांवरून हात फिरवत फिरत होती आणि कधी नव्हे ते सुनांना म्हणाली की आज बसा, भांडी मी घासते.

निकाल आला तो थोरल्याच्या फोनवर. सगळी ओसरीवर बसलेली. त्यानं आधी मनातल्या मनात वाचलं, मग पुन्हा वाचलं. थोरलीचं नाव निवडलेल्यांत होतं. धाकटीचं प्रतीक्षा यादीत, अगदी थोड्या गुणांनी खाली.

थोरला उठून उभा राहिला, काय करावं हे न सुचून पुन्हा बसला. सासूनं थोरलीच्या पाठीवर हात ठेवला. असा हात तिनं या घरात आल्यापासून कधी ठेवला नव्हता. म्हणाली, "थोरले, जिंकलीस. शब्द दिला होता तो दिला, तू जायचंस." मग धाकटीकडे वळून म्हणाली की तूही काही कमी केलं नाहीस हो. धाकटी उठून आत जायला निघाली होती.

तो हात पाठीवर होता तोवरच थोरली बोलली. हात काढला असता तर कदाचित बोलली नसती. तिनं सगळं सांगितलं. कूस, अर्धा नियम, पान तपासून बरोबर म्हटलं ते, फाटकापाशी सांगितलं ते. थोरला फोनच्या काचेवर अंगठा घासत राहिला. त्याच्या कानाची पाळी लाल झाली होती.

सासूचा हात केव्हा खाली गेला ते कळलं नाही. तिनं धाकटीला विचारलं, "तसले किती प्रश्न होते?"

"चार," धाकटी दारातून म्हणाली.

"फाटकापाशी सांगितलं म्हणते ही. मग लिहिलं नाहीस बरोबर?"

"सोडून दिले." धाकटीचा आवाज पहिल्यांदाच फाटला. "आधीचं खरं की फाटकावरचं खरं, मला काय माहीत? चुकलं तर उलटे कापणार. आणि नुसते ते चारच नाही सोडले. यांनी शिकवलेलं सगळंच आठवायला लागलं, की यातलं कुठलं अर्धं असेल. जे येत होतं तेही सोडलं."

 लहान मुलगी एकाकडून दुसऱ्याकडे बघत राहिली आणि शेवटी आईच्या मांडीवर येऊन बसली. थोरली म्हणाली की मी नाही म्हणून कळवते, यादी पुढे सरकेल. म्हणताना तिला स्वतःचा आवाज पोकळ लागला. आपल्याला नाही म्हणायचं नाही, हे तिला माहीत होतं, आणि इथल्या प्रत्येकाला ते दिसत होतं.

"गप्प बस," सासू म्हणाली. "यादी पुढे सरकून हिच्यावरच थांबेल असं कुठे लिहिलंय? मध्ये आणखी असतील. आलेली नोकरी घालवायला मी एवढी श्रीमंत नाही. तू जायचंस. पण घरी आलीस की माझ्याशी बोलायला बसू नकोस काही दिवस. मला वेळ लागेल."

मग धाकटी दारातून ओसरीवर आली. थोरलीकडे न बघता, सासूला उद्देशून बोलली. पुढच्या भरतीला मी बसणार, म्हणाली. तोवर दर सुट्टीला यांनी यायचं आणि मला इंग्रजी शिकवायचं. घरात बसून नाही, वावरात, माझ्या बरोबरीनं काम करत. आणि पुढची कापणी परीक्षेत आली तर मशीनपाशी या उभ्या राहतील, रजा काढून. मी नाही राहणार.

"कबूल?" सासूनं विचारलं.

"कबूल," थोरली म्हणाली.

थोरली गोदामात रुजू झाली. लहान मुलीला तिनं बरोबर नेलं. पहिल्या सुट्टीला ती घरी आली तेव्हा वावर नांगरून पडलं होतं आणि धाकटी ढेकळं फोडत होती. सासूनं ठरल्याप्रमाणे पाणी दिलं आणि पाठ फिरवली. थोरलीनं कपडे बदलले, कुदळ घेतली आणि वावरात गेली. खुर्चीवर बसून बसून हाताला थोडी नरमाई आली होती, पहिल्याच घावाला तळवा चुरचुरला. दोघी शेजारी शेजारी सरकत राहिल्या. ऊन चढलं.

बऱ्याच वेळानं धाकटीनं समोर बघतच विचारलं, "आय हॅव नोन हर, मग रेघ, मग चाइल्डहुड. काय येईल?"

"सिन्स."

"का?"

"लहानपण ही सुरुवात आहे. तिथून पुढे ओळखते. किती वर्षं ते सांगितलेलं नाही. किती वर्षं सांगितलं असतं तर फॉर."

धाकटीनं कुदळ मारली. ढेकूळ फुटलं नाही, तिनं पुन्हा मारली. मग कपाळ पुसून ती म्हणाली, "शेजारच्या गावात एक मास्तर आहेत. तुम्ही जे जे सांगाल ते मी त्यांना विचारून घेणार आहे. प्रत्येक."

"विचारून घे," थोरली म्हणाली.

धाकटी थोडी पुढे सरकली, आणि शेजारी जागा झाली तिथे थोरली सरकली.

"दुसरा विचारते," धाकटी म्हणाली.